एनपीएल नक्की कोणती? टेडिंग्टनची की दिल्लीची?

दुसऱ्या महायुद्धातल्या रडारबद्दल किंवा धरणफोड्या बॉम्बबद्दल वाचायला घेतलं की ‘नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी’ हे नाव हमखास येतं. आपल्या डोळ्यांपुढे लगेच दिल्लीची एनपीएल उभी राहते: भारताची प्रमाणवेळ राखणारी, मतदानाच्या दिवशी बोटाला लागणाऱ्या शाईचं सूत्र शोधणारी. पण महायुद्ध संपलं तेव्हा दिल्लीच्या त्या इमारतीची पायाभरणीसुद्धा झाली नव्हती. गोष्टीतली एनपीएल असते लंडनजवळच्या टेडिंग्टनची. नाव अक्षर न अक्षर सारखं आणि मूळ कामही एकच, मोजमापाचं. त्यामुळे घोटाळा होतो यात वाचकाचा दोष नाही.

टेडिंग्टनची संस्था १९०० सालची. बुशी हाउस नावाच्या राजघराण्याच्या जुन्या वाड्यात तिने बस्तान मांडलं. वजनं, मापं, तापमापक, विजेची एककं तपासणं हे तिचं रोजचं काम. ऐकायला रुक्ष वाटतं, पण युद्ध लागलं की याच कामावाचून अडतं. दहा कारखान्यांत तयार होणारे तोफगोळे एकाच तोफेत बसायचे असतील, तर दहाही ठिकाणचे गेज, म्हणजे माप तपासायची साधनं, केसाचाही फरक न पडता जुळले पाहिजेत. पहिल्या महायुद्धात ते तपासण्याची जबाबदारी टेडिंग्टनवर आली.

रडारची गोष्ट मात्र जरा जवळून बघण्यासारखी आहे. १९३५ च्या सुरुवातीला ब्रिटिश हवाई खात्याला प्रश्न पडला होता, की रेडिओलहरींनी वैमानिकाला आकाशातच मारता येईल का? त्या वेळी ‘मृत्युकिरणां’ची फार हवा होती. प्रश्न आला टेडिंग्टनच्या रेडिओ विभागाचे प्रमुख रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्याकडे. त्यांनी स्लाउच्या केंद्रातल्या अरनॉल्ड विल्किन्स या सहकाऱ्याला एक साधं गणित दिलं: पाच किलोमीटर दूर, एक किलोमीटर उंचीवर असलेलं आठ पिंट पाणी ९८ वरून १०५ अंश फॅरनहाइटपर्यंत तापवायला किती शक्ती लागेल? आठ पिंट म्हणजे साधारण साडेचार लिटर, माणसाच्या अंगात रक्त असतं जवळपास तेवढंच. आणि ९८ हे निरोगी माणसाच्या अंगाचं तापमान. आकडे बघूनच विल्किन्सच्या लक्षात आलं, की हे पाण्याचं गणित नाही.

उत्तर आलं की हे अशक्य आहे. मग दुसरं काही करता येईल का, असं वॉटसन-वॉटनी विचारलं. तेव्हा विल्किन्सला आठवलं, की जवळून विमान गेलं की रेडिओच्या ग्रहणात गडबड होते, अशी टपाल खात्याच्या इंजिनिअरांची तक्रार होती. म्हणजे विमान लहरी परतवतं. मारता येत नसेल, पण हेरता तर येईल! २६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीच्या बीबीसी प्रक्षेपकाच्या टापूत, एका शेतात व्हॅन उभी करून त्यांनी ते करून दाखवलं. वर हेफर्ड जातीचं बॉम्बर घिरट्या घालत होतं आणि व्हॅनमधल्या नळीच्या पडद्यावरची हिरवी रेघ विमान जवळ येईल तशी लांबत होती. सुमारे आठ मैलांपर्यंत विमानाचा माग लागला.

इथे आणखी एक गल्लत टाळायला हवी. रडारचं बी टेडिंग्टनच्या माणसांनी पेरलं, पण रोप तिथे वाढलं नाही. १९३६ मध्ये हे काम समुद्रकाठच्या बॉडसी मॅनरला गेलं आणि स्वतंत्र झालं. ‘एनपीएलने रडार बनवलं’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे.

टेडिंग्टनच्या आवारात प्रत्यक्ष युद्धाचं जे काम झालं, त्यातलं एक पाण्याच्या टाकीतलं. जहाजांचे नमुने ओढून बघण्यासाठी तिथे लांबलचक टाक्या होत्या. १९४२ मध्ये विमान अभियंते बार्न्स वॉलिस यांनी अशाच एका टाकीत छोटे गोळे पाण्यावरून उडवून बघितले: किती वेगाने, कोणत्या कोनात सोडले तर ते भाकरीच्या खेळातल्या खापरीसारखे टप्पे घेत जातात? त्यातून उसळता बॉम्ब आला आणि १९४३ च्या मे महिन्यात जर्मनीची म्योने आणि एडर ही धरणं फुटली. खाली हजाराहून जास्त माणसं बुडाली. सक्तीने कामाला आणलेले परदेशी मजूर त्यांत पुष्कळ होते. टाकीतल्या प्रयोगाबद्दल लिहिताना हे गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता दिल्ली. तिचा महायुद्धाशी संबंध आहे, पण तो जन्मापूर्वीचा. युद्धामुळे परदेशी माल येणं आटलं, तेव्हा सरकारला देशातल्या संशोधनाची आठवण झाली. व्हाइसरॉयच्या मंडळातले सदस्य रामस्वामी मुदलियार यांनी रेटा लावला आणि १९४० च्या एप्रिलमध्ये संशोधनाचं एक मंडळ उभं राहिलं. लाहोरहून रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर त्याचं काम बघायला आले. विषारी वायूपासून वाचवणारं कापड, इंजिनात चालणारी वनस्पतितेलांची मिश्रणं, असली निकडीची कामं कलकत्त्याच्या अलीपूरमध्ये सुरू झाली. त्यातूनच २६ सप्टेंबर १९४२ ला सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, स्थापन झाली आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारायची योजना तिनेच आखली. पुण्यात पाषाणला दिसते ती एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, याच साखळीतली. तिचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला झालं, दिल्लीच्या एनपीएलच्या अठरा दिवस आधी.

म्हणजे टेडिंग्टनला युद्धाने कामाला जुंपलं आणि दिल्लीची प्रयोगशाळा युद्धातल्या टंचाईतून सुचली. तिचे पहिले संचालक के. एस. कृष्णन, सी. व्ही. रामन यांचे जुने सहकारी. कोनशिला ४ जानेवारी १९४७ ला जवाहरलाल नेहरूंनी बसवली आणि २१ जानेवारी १९५० ला वल्लभभाई पटेलांनी इमारतीचं उद्घाटन केलं. सीएसआयआर स्थापन झाली त्या सप्टेंबरच्या दिवशी हे दोघेही ‘चले जाव’मध्ये पकडले जाऊन अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते.