आधी काय, मग काय? स्टार्टअपच्या संस्थापकांपुढचा जुना पेच

केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतले दोन अभियंते. १९५७ मध्ये ते भांडवल मागायला 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' या गुंतवणूक कंपनीकडे गेले, तेव्हा त्यांना सल्ला मिळाला की प्रस्तावात 'कॉम्प्युटर' हा शब्द वापरू नका. त्या धंद्यात भल्याभल्या कंपन्या हात पोळून घेत होत्या. शब्द पाहूनच संचालक बिचकले असते. दोघांनी नाव ठेवलं 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन', म्हणजेच डीईसी. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मेनार्ड गावात, जुन्या लोकर गिरणीत त्यांनी जागा घेतली आणि प्रयोगशाळांना लागणारी सर्किटांची सुटी मॉड्यूल्स विकायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी नफा झाला. पीडीपी-१ हा त्यांचा पहिला कॉम्प्युटर १९५९ च्या अखेरीस लोकांसमोर आला, आणि तो त्याच मॉड्यूल्सनी बांधलेला होता.

नव्या तंत्र-उत्पादनाच्या संस्थापकाला येणाऱ्या अडचणी मोजायला बसलं तर यादी संपत नाही: भांडवल, माणसं, ग्राहक, स्पर्धा, तांत्रिक बिघाड. पण गेल्या सहा-सात दशकांचा इतिहास पाहताना मला या सगळ्यांच्या मुळाशी एकच पेच दिसतो, तो क्रमाचा. आधी काय करायचं आणि काय थांबवून ठेवायचं? ओल्सन-अँडरसन यांचा क्रम बरोबर लागला, यात त्यांच्या हुशारीइतकाच वाटा तुटपुंज्या पैशाचा होता. त्यांना मिळाले होते ७०,००० डॉलर, आणि त्या बदल्यात कंपनीचा ७० टक्के हिस्सा गेला होता. विकून कमावल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायची सोयच नव्हती.

गंमत अशी की याच यशाने पुढे तो क्रम बिघडवायला हातभार लावला. १९६६ मध्ये डीईसी शेअर बाजारात आली आणि काही वर्षांत त्या ७०,००० डॉलरच्या हिश्शाची किंमत ३५ कोटी डॉलरच्या पुढे गेली. पैसे देणाऱ्या त्या गुंतवणूक कंपनीची, म्हणजे जॉर्जेस डोरिओ यांच्या 'अमेरिकन रिसर्च'ची बाकीची सारी कमाई या एका आकड्यापुढे फिकी पडली. व्हेंचर कॅपिटलचं, म्हणजे इतरांचा पैसा फंडात गोळा करून नव्या कंपन्यांचे हिस्से घेण्याच्या धंद्याचं, गणित तिथून पक्कं झालं: दहातल्या बऱ्याच कंपन्या बुडाल्या तरी चालेल, एखादी मात्र अफाट वाढली पाहिजे. त्यातच फंडाचं आयुष्य साधारण १० वर्षांचं, त्यामुळे वाढ लवकरही हवी. १९७९ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने पेन्शन फंडांना अशा जोखमीच्या गुंतवणुकीची वाट मोकळी करून दिली आणि या गणितात पैशाचा लोंढा शिरला. गुंतवणूकदार सतत 'वेग वाढवा' का म्हणतो, हे अनेक संस्थापकांना कोडं वाटतं. तो लोभी असेलच असं नाही. त्यालाही त्याच्या फंडाची मुदत पाळायची असते.

वेग वाढवायचा म्हणजे माणसं वाढवायची, असा सरळ हिशेब वाटतो. तो चुकतो हे आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं: रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी रखडतो. ५ जणांच्या टीममध्ये आपसांत बोलण्याच्या जोड्या १० होतात. २० जणांत त्या १९० होतात. नव्याला शिकवण्यात जुन्याचा दिवस जातो तो वेगळाच. ग्राहकांच्या बाजूनेही असाच चकवा आहे. नवं दिसलं की हौसेने वापरून पाहणारे थोडे असतात, आणि काम चोख होतंय याची खात्री पटल्यावरच हात लावणारे पुष्कळ. पहिल्यांची वाहवा ऐकून संस्थापक दुसऱ्यांसाठी गोदाम भरून ठेवतो. या दोन गटांमध्ये दरी आहे, हे लेखक जेफ्री मूर यांनी १९९१ मध्ये ठळकपणे मांडलं.

'आधी कळस, मग पाया' ही म्हण वेबव्हॅनला जशी लागू पडते तशी क्वचितच कुणाला पडेल. ऑनलाइन किराणा घरपोच देणाऱ्या या कंपनीने जून १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात सेवा सुरू केली. एका शहरातली एक सेवा नफ्यात चालते का, हे कळायला काही महिने तरी लागणार होते. पण त्याच उन्हाळ्यात तिने बेक्टेल या बांधकाम कंपनीशी सुमारे १ अब्ज डॉलरचा करार केला, देशभर २६ यांत्रिक गोदामं उभारण्यासाठी. नोव्हेंबरमध्ये शेअर बाजारात नोंदणीही झाली. गोदामाचा खर्च ऑर्डर येवोत न येवोत चालूच राहतो, आणि ऑर्डरी हव्या तितक्या येत नव्हत्या. १० मार्च २००० ला नॅस्डॅक या तंत्र-कंपन्यांचा भरणा असलेल्या शेअर निर्देशांकाने शिखर गाठलं, तिथून ऑक्टोबर २००२ पर्यंत तो तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. वेबव्हॅनने त्याआधीच, जुलै २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. घरपोच किराणा ही कल्पना खोटी नव्हती. पुढे ती अनेकांनी चालवून दाखवली. म्हणूनच वेबव्हॅनचं अपयश मला चटका लावून जातं.

फ्रेंडस्टरची गोष्ट नेमकी उलटी. २००२ मध्ये सुरू झालेल्या या सोशल नेटवर्कवर लोक आपणहून तुटून पडले. कुणाला ओढून आणावं लागलं नाही. पण कोण कुणाच्या ओळखीतून कुणाशी जोडलेलं आहे, याचं जाळं ही साइट पुन्हा पुन्हा मोजत बसे, आणि माणसं वाढली तसं ते काम सर्व्हरांच्या आवाक्याबाहेर गेलं. पान उघडायला ताटकळत बसावं लागे. नवी फीचर्स जोडण्याआधी हा पाया दुरुस्त करायला हवा होता. तो वेळेत झाला नाही आणि लोक मायस्पेसकडे, मग फेसबुककडे गेले. मागणी आहे हे सिद्ध झाल्यावरही कंपनी हातची जाऊ शकते, हे संस्थापकांना यातून कळलं.

या दोन पडझडींच्या राखेतून पुढच्या दशकाची विचारपद्धत आली. उद्योजक आणि शिक्षक स्टीव्ह ब्लँक सांगू लागले की स्टार्टअप ही मोठ्या कंपनीची छोटी आवृत्ती नव्हे. ग्राहक कोण आणि त्याला काय हवंय हे शोधणं हेच तिचं पहिलं काम. त्यांचे विद्यार्थी एरिक रीस यांनी २००४ मध्ये सुरू झालेल्या आयएमव्हीयू या ऑनलाइन गप्पांच्या कंपनीत हे सोसून शिकलं होतं. लोकांच्या जुन्या मेसेंजरांना जोडणारं सॉफ्टवेअर महिनोन् महिने खपून तयार केलं आणि ते कुणालाच नको होतं. बरंचसं कोड फेकून द्यावं लागलं. आधी दाखवा, मग बांधा, हा धडा तिथून आला. त्याच सुमारास बांधणंही स्वस्त झालं. २००६ मध्ये अॅमेझॉनने साठवण आणि कॉम्प्युटर भाड्याने द्यायला सुरुवात केली, तोवर लाखोंचे सर्व्हर आधी विकत घ्यावे लागत. मात्र स्वस्ताईने गर्दीही आणली. बनवणं सोपं झालं तसं लोकांपर्यंत पोहोचणं अवघड झालं.

पोहोचण्यासाठी मग दुसऱ्याच्या अंगणात घर बांधणं आलं. मीरकॅट हे थेट प्रक्षेपणाचं अॅप २०१५ च्या सुरुवातीला ट्विटरच्या आधारावर झपाट्याने पसरलं. ट्विटरने स्वतः पेरिस्कोप हे तसलंच अॅप विकत घेतलं होतं. मार्चमध्ये त्याने मीरकॅटला आपल्या यूजर्सच्या ओळखींचं जाळं वापरायला बंदी केली, आणि त्या वाढीचा मुख्य झरा आटला.

पैसा पुन्हा स्वस्त झाला तेव्हा जुन्या धड्यांचा विसर पडला. २०१७ मध्ये सॉफ्टबँक या जपानी कंपनीचा सुमारे १०० अब्ज डॉलरचा फंड आला. मोबाइलवर छोटे व्हिडिओ दाखवणाऱ्या क्विबीने १.७५ अब्ज डॉलर उभे केले, एप्रिल २०२० मध्ये सेवा सुरू केली आणि ऑक्टोबरमध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२२ मध्ये व्याजदर चढले आणि नळ आवळला गेला. १० मार्च २०२३ ला अनेक स्टार्टअपचा पैसा ठेवणारी सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली, तेव्हा ठेवींवरचं विम्याचं संरक्षण अडीच लाख डॉलरपर्यंतच होतं. त्या शनिवार-रविवारी कित्येक संस्थापक प्रॉडक्टचा नव्हे, पगाराचा विचार करत होते. सोमवारपर्यंत सरकारने सगळ्या ठेवींची हमी दिली, पण तो धसका खरा होता.

आता कोड लिहायलाही यंत्र मदत करतं, त्यामुळे चालता नमुना काही दिवसांत उभा राहतो. पण मोठ्या भाषा-मॉडेलांवर चालणाऱ्या प्रॉडक्टमध्ये एक फरक आहे आणि त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. जुन्या सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ काहीच पडत नसे; इथे यूजरच्या प्रत्येक प्रश्नाचं बिल येतं. फुकट वाटून आधी गर्दी जमवायची आणि कमाईचं नंतर पाहायचं, हा क्रम इथे महाग पडतो. किती पैसे घ्यायचे आणि कोण देईल, हा प्रश्न पहिल्या महिन्यातच टेबलावर येतो, मेनार्डच्या गिरणीत मॉड्यूल्सची किंमत ठरवताना आला होता तसाच.