पार्श्वभूमी: हेडरच्या आत हेडर घ्यावं का?

सोलापुरातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये कित्येक वर्षं सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली गेली ती टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (कंपायलर म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम). एकच फाईल, वर एसटीडीआयओ डॉट एच आणि कोनिओ डॉट एच ही हेडरं (म्हणजे इतर फायलींना लागणाऱ्या घोषणा असलेल्या फायली), की प्रॅक्टिकल झालं. (कोनिओ हे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कंपायलरांसोबत आलेलं, सीच्या स्टँडर्डमध्ये ते कधीच नव्हतं.) पुण्याच्या कंपनीत शेकडो फायलींचा कोड समोर आला, की मग हेडरच्या आत हेडर घ्यावं का, हा प्रश्न पहिल्यांदा पडतो.

सीमध्ये प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइल करण्याआधी कोडच्या मजकुरात फेरफार करणारा टप्पा, आला 1972-73च्या सुमारास, बेल लॅब्जमध्ये. सीचे कर्ते डेनिस रिची यांच्यामागे ॲलन स्नायडर यांचा आग्रह होता. शिवाय बीसीपीएल आणि पीएल/वन या आधीच्या भाषांमध्ये फाईल जोडायची सोय होतीच. सुरुवातीला इन्क्लूड आणि साधं डिफाइन (एका नावाच्या जागी ठरलेला मजकूर घालणं) एवढंच होतं. आर्ग्युमेंट घेणारी डिफाइन, म्हणजे आर्ग्युमेंटवाले मॅक्रो, आणि अटीवर कंपाइल करणं माइक लेस्क आणि नंतर जॉन रायझर यांनी जोडलं.

इन्क्लूड म्हणजे दुसरी फाईल जशीच्या तशी तिथं ओतणं. मोटर डॉट एच आणि सेन्सर डॉट एच या दोघांनीही टाइप्स डॉट एच घेतलं आणि मेन फाईलनं ती दोन्ही घेतली, तर टाइप्समधलं तेच स्ट्रक्चर (एका नावाखाली बांधलेला डेटा) मेन फाईलमध्ये दोनदा येतं आणि सी23 आधीच्या सीमध्ये कंपायलर 'रिडेफिनिशन' म्हणून अडतो. यावर उपाय गार्डचा: अमुक नाव डिफाइन नसेल तरच आतलं घे, आणि घेताना ते डिफाइन करून टाक.

बेल लॅब्जमधलेच प्रोग्रॅमर रॉब पाइक यांना 1989 मध्ये हे पटलं नव्हतं. हेडरनं हेडर घेऊच नये, आधी काय लागतं ते कॉमेंटमध्ये लिहावं, असं त्यांचं म्हणणं. गार्ड फाईलच्या आतच असल्यानं हजारो ओळी उगाच वाचल्या जातात, ही त्यांची तक्रार तेव्हा रास्त होती. पुढे जीसीसीसारखे कंपायलर गार्ड ओळखून ती फाईल पुन्हा उघडेनासेच झाले, आणि तक्रारीतला जोर गेला. आज गूगलच्या सी++ कोडच्या नियमावलीसह बहुतेक ठिकाणी उलटा नियम चालतो: प्रत्येक हेडर स्वतःपुरतं पूर्ण हवं. ते तपासायची सोपी युक्ती म्हणजे मोटर डॉट सीमध्ये सगळ्यात आधी मोटर डॉट एच घेणं. काही राहिलं असेल तर तिथंच एरर येते.

पण पाइक पुरते चुकले असंही नाही. जानेवारी 2022 मध्ये लिनक्सचे डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी लिनक्स कर्नलमधला (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) हेडरांचा गुंता सोडवायला 2,200हून जास्त पॅच, म्हणजे कोडमधले बदल, मांडले, कारण बिल्डचा (सगळा कोड कंपाइल करण्याचा) बराच वेळ एकमेकांना ओढून आणणाऱ्या हेडरांतच जात होता. जिथं स्ट्रक्चरचा नुसता पॉइंटर (मेमरीतला पत्ता) लागतो तिथं अख्खं हेडर घेण्याऐवजी स्ट्रक्चरचं नाव आधी जाहीर करून भागतं. माझ्या मते नवख्यानं गार्डनंतर लगेच शिकावं ते हेच.