दारं उघडी होती, पण कुणासाठी?

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, ब्राझील. जगभरातून माणसं आली आणि हे देश घडले, असं सर्रास म्हटलं जातं. पण त्यातली कितीतरी माणसं आपसूक आलेली नाहीत. सरकारांनी त्यांना आवतण दिलं, काहींच्या तिकिटाचे पैसे भरले. आणि कुणाला पाऊल ठेवू द्यायचं नाही, याचे कायदेही त्याच काळात केले.

आवतण देण्यात अर्जेंटिनाने आडपडदा ठेवला नाही. १८५३ च्या राज्यघटनेतलं २५वं कलमच सांगतं की सरकारने युरोपातून येणाऱ्यांना उत्तेजन द्यावं. राज्य करायचं म्हणजे वस्ती वाढवायची, हे विचारवंत हुआन बाउतिस्ता आल्बेर्दी यांचं सूत्र. वस्तीला जमीन लागते, आणि पाम्पाची गवताळ मैदानं व दक्षिणेकडचा पॅटागोनिया यांच्या मोठ्या पट्ट्यात मूळ रहिवासी होते. १८७० च्या दशकाअखेरीस हुलिओ रोका यांच्या लष्करी मोहिमांनी त्यांना हुसकावलं. 'रिकाम्या' जमिनीच्या गोष्टी मला म्हणूनच पटत नाहीत. पुढे इटालियन आणि स्पॅनिश लोकांची रीघ लागली. वाफेच्या बोटींनी प्रवास इतका स्वस्त केला होता, की काही इटालियन मजूर गावाकडचा हंगाम उरकून अर्जेंटिनात गव्हाच्या कापणीला जात आणि ती संपली की परतत. १९१४ च्या जनगणनेत देशातली जवळपास ३० टक्के माणसं परदेशात जन्मलेली निघाली.

ब्राझीलचं कारण वेगळं. १८८८ मध्ये गुलामगिरी संपली आणि कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे होते. साओ पाउलोने इटालियनांचं भाडं भरलं. पण मळ्यांवरचे हाल ऐकून इटलीने १९०२ मध्ये अशा फुकट प्रवासावर बंदी घातली. १९०८ मध्ये 'कासातो मारू' ही बोट जपानी मजुरांना घेऊन ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागली.

नकाराचा इतिहासही तितकाच जुना. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी केली. कॅनडाने चिन्यांवर माणशी कर बसवला: १८८५ मध्ये ५० डॉलर, १९०३ पर्यंत ५००. भारतीयांसाठी त्याहून धूर्त नियम होता. मायदेशातून थेट, न थांबता या! भारतातून तशी बोटच नव्हती. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांची 'कोमागाटा मारू' व्हँकुव्हरला दोन महिने अडवून ठेवली गेली आणि बहुतेकांना परत पाठवलं गेलं.

ऑस्ट्रेलियाच्या १९०१ च्या कायद्यात वंशाचा उल्लेख टाळून श्रुतलेखनाची परीक्षा ठेवली होती: कोणत्याही युरोपीय भाषेतले ५० शब्द, आणि ती भाषा कोणती, हे अधिकारी ठरवणार. नको असलेला माणूस नापास होणारच. १९३४ मध्ये फॅसिझमविरोधी पत्रकार एगॉन किश आले. त्यांना अनेक भाषा येत होत्या, म्हणून त्यांची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली. ही कायद्यातल्या अर्थाने युरोपीय भाषाच नाही, असं म्हणत उच्च न्यायालयाने सरकारला तोंडघशी पाडलं. परीक्षा मात्र १९५८ पर्यंत टिकली.

वंशाच्या चाळण्या उतरल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर, सावकाश. अमेरिकेने १९६५ मध्ये राष्ट्रीयत्वावर बेतलेला कोटा मोडीत काढला, ऑस्ट्रेलियात १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने वंशाचा निकष पुसला. कॅनडाने १९६७ मध्ये गुणांकन आणलं. शिक्षण, वय, भाषा, व्यवसाय यांना गुण द्यायचे आणि बेरजेवर ठरवायचं. आज अनेक देश कुशल कामगार निवडतात ते याच धर्तीवर.