ड्रंक अँड ड्राइव्ह: श्वासाचा आकडा आणि त्यातली चूक

पूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यांत पुरावा म्हणजे पोलिसाचं नाक आणि डोळे. तोंडाला वास येत होता, चालताना तोल जात होता, एवढंच. आकडा आला स्वीडनमधून. किती प्यायल्यावर रक्तात किती अल्कोहोल उतरतं, याचं सूत्र एरिक विडमार्क यांनी 1932 मध्ये मांडलं. त्यातला गुणक, म्हणजे शरीराच्या वजनाच्या किती भागात अल्कोहोल पसरतं तो आकडा, पुरुषांसाठी सरासरी 0.68, स्त्रियांसाठी 0.55. समोर उभ्या असलेल्या आरोपीचा गुणक मात्र कोणी मोजलेला नसतो. 1936 मध्ये नॉर्वेने रक्तातल्या अल्कोहोलची 0.05 टक्क्यांची मर्यादा थेट कायद्यात घातली.

अमेरिकेत 1954 मध्ये रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांचा ब्रेथलायझर आला आणि सुई टोचायची गरज उरली नाही. पण यंत्र मोजतं श्वास, आणि मर्यादा होती रक्ताची. दोन्हींना जोडायला 2100 ला 1 हे प्रमाण धरलं गेलं: 2100 मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढंच 1 मिलिलिटर रक्तात. बहुतेकांचं प्रमाण याहून जास्तच भरतं, म्हणजे चूक झाली तरी आरोपीच्या पथ्यावर पडते. अडचण उरलेल्यांची. एखाद्याचं प्रमाण 1680 असेल, तर यंत्रावर 0.10 दिसत असताना त्याच्या रक्तात 0.08 च असतं.

कायद्याने यावर तोडगा काढला तो थोडा चलाखीचाच: अनेक राज्यांत 210 लिटर श्वासातलं अल्कोहोल हाच गुन्ह्याचा निकष झाला. मग रक्ताचा प्रश्नच कुठे येतो? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये हेच म्हणत ‘माझं प्रमाण 2100 नाही’ हा बचाव नाकारला. 2009 मध्ये त्याच न्यायालयाने ‘नशेच्या अमलाखाली गाडी चालवली’ या वेगळ्या आरोपात तोच बचाव चालेल असं ठरवलं. माणूस तोच, फुंकर तीच. कलम बदललं की संख्याशास्त्राला दार उघडं!

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने बजावलं, की न्यायवैद्यक मोजमापासोबत अनिश्चिततेची कक्षाही, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो हेही, सांगितली पाहिजे. मर्यादा 0.08 असताना 0.081 हा आकडा एकटाच सांगितला, तर ज्युरीला तो अचूकच वाटणार.

मात्र कक्षा काढली म्हणजे सगळं पकडलं गेलं असंही नाही. न्यू जर्सीत यंत्रांच्या कॅलिब्रेशनमधली (यंत्र बरोबर मोजतं का हे पडताळून जुळवण्यातली) तापमानाची एक तपासणी वगळली गेल्याचं उघड झालं, आणि 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 20 हजारांहून अधिक चाचण्यांचे निकाल अग्राह्य ठरवले. अशा ठिकाणी दोनदा फुंकायला लावून सरासरी काढण्याचा उपयोग नसतो, कारण दोन्ही वेळा यंत्र एकाच बाजूला चुकतं.