आयर्लंडमधील पवित्र विहिरी

एखाद्या संताच्या नावाशी जोडलेल्या, रोग बरे करणाऱ्या मानल्या गेलेल्या आणि ठरावीक दिवशी विधिपूर्वक भेट दिल्या जाणाऱ्या जलस्थानांना आयर्लंडमध्ये पवित्र विहिरी म्हणतात. संपूर्ण बेटावर अशी सुमारे ३,००० स्थाने असल्याचा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. त्यांतील बहुतेक खोदलेल्या विहिरी नसून दगडांनी बांधून घेतलेले नैसर्गिक झरे आहेत; काही ठिकाणी तर खडकातील खळग्यात साचलेले पावसाचे पाणीही विहिरीइतकेच पवित्र मानतात.

या विहिरी म्हणजे ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या जलपूजेचे जसेच्या तसे टिकलेले अवशेष, असे सरसकट सांगितले जाते. परंतु बहुसंख्य विहिरींबाबत तसा पुरातत्त्वीय पुरावा नाही. लिखित साक्ष मिळते ती सातव्या शतकापासून. ख्रिस्ती धर्मप्रसारक संत पॅट्रिकचा चरित्रकार तिरेहान याने स्लान नावाच्या एका झऱ्याची कथा नोंदवली आहे : तेथील लोक त्या पाण्याला देव मानून अर्पणे वाहत असत आणि पॅट्रिकने त्यावरील शिळा हलवून त्याखाली पाण्याशिवाय काहीच नसल्याचे दाखवले. याच लेखकाच्या दुसऱ्या कथेत क्लेबाख या झऱ्याकाठी राजा लोगरेच्या एथ्ना आणि फेडेल्म या मुलींना पॅट्रिक बाप्तिस्मा देतो. म्हणजे धर्मप्रसारकांनी लोकांच्या श्रद्धेचे पाणी मोडीत न काढता त्याचा अर्थ पालटला, एवढे या कथांवरून म्हणता येते. मिथकांमध्येही विहीर ही ज्ञानाचे उगमस्थान आहे. निषिद्ध विहिरीला डावीकडून फेऱ्या घालणाऱ्या बोआन या देवीवर पाणी उसळले आणि त्यातून बॉइन नदी वाहू लागली, अशी कथा आहे.

विहिरीला भेट देण्याच्या विधीला आयरिश भाषेत 'तुरस' म्हणतात आणि संताच्या सणाच्या दिवशी भरणाऱ्या मेळ्याला 'पॅटर्न'. भाविक विहीर उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतात, प्रत्येक फेरीला 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि 'नमो मारिया' या प्रार्थना म्हणतात आणि फेऱ्यांचा हिशेब चुकू नये म्हणून हातात तेवढेच खडे घेऊन एकेक टाकत जातात. पूर्वी हे सारे अनवाणी, कधी गुडघ्यांवर चालून केले जाई. उलट दिशेच्या फेऱ्या शाप देण्यासाठी असतात, अशी समजूत आहे. शेवटी पाणी प्राशन करून दुखऱ्या भागाला लावतात आणि शेजारच्या झाडाला, बहुधा हॉथॉर्न किंवा ॲशला, कापडाची चिंधी बांधतात. चिंधी कुजत जाते तसा आजारही ओसरतो, हा त्यामागचा विश्वास असल्याने ती सोडणे किंवा घरी नेणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे पत्करणे होय. डोनेगॉलमधील डून येथील विहिरीजवळची झुडपे अशा चिंध्यांनी भरलेली असतात.

विहिरींमध्ये कामांची जणू वाटणी आहे. डोळ्यांच्या विकारांसाठी सर्वाधिक विहिरी प्रसिद्ध आहेत. दातदुखी, चामखीळ, डोकेदुखी यांसाठी वेगळ्या. केरीमधील ग्लेनागाल्ट खोऱ्यातील विहीर मनोरुग्णांसाठी नावाजलेली आहे. कॉर्कमधील बॅलिव्हूर्नी येथे मधमाश्यांची रक्षक संत गोबनेट हिचा सण ११ फेब्रुवारीस असतो. जिथे नऊ पांढरी हरणे चरताना दिसतील तिथेच थांब, असे देवदूताने तिला सांगितले होते आणि ती हरणे तिला येथे दिसली. भाविक तिच्या मध्ययुगीन लाकडी मूर्तीला लावून रिबिनीचे माप घेतात आणि वर्षभर दुखण्याच्या वेळी ती रिबीन वापरतात. संत ब्रिजिडच्या विहिरी देशभर आहेत. तिचा १ फेब्रुवारीचा सण वसंतारंभाच्या जुन्या इंबोल्क सणाच्याच दिवशी येतो आणि २०२३पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुटी दिली जाते. क्लेअरमधील लिस्कॅनर येथील तिच्या विहिरीकडे जाणारी बांधीव वाट जपमाळा, मूर्ती आणि मृत आप्तांची छायाचित्रे यांनी खचाखच भरली आहे. केवळ पुरातन वास्तू म्हणून पाहण्याचे हे ठिकाण नाही, हे तेथे लगेच जाणवते.

लोककथांतील विहीर मानी असते. तिच्यात कपडे धुतले किंवा तिचा अन्य प्रकारे अपमान झाला, तर ती आटते अथवा रातोरात दुसरीकडे जाते. तिचे पाणी स्वयंपाकाला वापरू नये, कारण कितीही जाळ केला तरी ते उकळत नाही. वेस्टमीथमधील फोर येथे, संत फेकिनच्या मठाजवळ, न उकळणारे पाणी हे गावच्या सात आश्चर्यांपैकी एक गणले जाते. पाण्यात राहणारा ट्राउट किंवा ईल मासा ज्याला दिसेल, त्याचे मागणे पूर्ण होते.

या प्रथेला विरोधही दीर्घकाळ झाला. कॅथलिकांविरुद्धच्या दंडक कायद्यांपैकी १७०४च्या कायद्याने विहिरींवरील मेळाव्यांना बंदी घातली आणि दहा शिलिंग दंड, तो न भरल्यास फटक्यांची शिक्षा ठरवली. त्याच काळात स्लायगोजवळच्या टोबरनॉल्टसारख्या आडबाजूच्या विहिरींवर गुपचूप मास (कॅथलिक उपासनाविधी) होत असे. तेथे आजही जुलैच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे 'गार्लंड संडे'ला, पहाटेपासून गर्दी जमते. पुढे खुद्द कॅथलिक बिशपांनीच मद्यपान आणि टोळ्यांच्या मारामाऱ्यांमुळे अनेक पॅटर्न बंद पाडले, तर १८४५नंतरच्या महादुष्काळाने आणि स्थलांतराने ती गावेच ओस पाडली जिथे ही परंपरा जगत होती. शासकीय बंदीपेक्षा हा आघात अधिक खोल होता.

उरलेली माहिती टिकली ती मुख्यतः १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहिलेल्या लोकसाहित्य-संग्रहामुळे; त्यात विहिरींच्या असंख्य नोंदी आहेत. आज अनेक विहिरींना कायद्याने संरक्षित स्मारकांचा दर्जा आहे, तरी शेतजमिनींचा निचरा आणि नळाचे पाणी यांमुळे कित्येक बुजल्या आहेत. जिथे वर्दळ वाढली आहे तिथे न कुजणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या फिती आणि खोडात ठोकलेली नाणी झाडांना इजा करतात, म्हणून स्थानिक लोक भेट देणाऱ्यांना सुती किंवा लोकरी चिंधीच बांधण्यास सांगतात.