रक्तसाक्षी : एका शब्दामागचा इतिहास

ख्रिस्ती श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याला मराठीत 'रक्तसाक्षी' म्हणतात. शब्द फार नेमका आहे. मूळ ग्रीक 'मार्तुस'चा अर्थ नुसता साक्षीदार. न्यायासनापुढे उभं राहून पाहिलं ते सांगणारा. यरुशलेमेत येशूचा आरंभीचा अनुयायी स्तेफन याला दगडमार झाला, ख्रिस्ती लोकांचा छळ वाढत गेला, तसतसं या शब्दाला रक्त लागलं. पण मुळात भर मरणावर नव्हता, साक्षीवर होता. हे विसरलं तर पुढचा सगळा इतिहास उलटा वाचला जातो.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्णा (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) शहरात वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जाळण्यात आलं. "८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काहीच वाईट केलं नाही," हे ख्रिस्ताला नाकारायला सांगितल्यावरचं त्यांचं उत्तर प्रसिद्धच आहे. त्याच वृत्तांतात क्विंटस नावाचा एक माणूस भेटतो. तो आपणहून पुढे झाला, इतरांनाही त्यानं भरीला घातलं आणि श्वापदं दिसताच त्याचं अवसान गळालं. वृत्तांत लिहिणारे स्पष्ट सांगतात, की स्वतःहून मरणाच्या तोंडी जाणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, हे येशूचंच सांगणं होतं.

इ. स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तुरुंगात पर्पेतुआ नावाची तरुणी होती. वय सुमारे २२, अंगावर पिणारं मूल. तिनं तुरुंगात लिहिलेली रोजनिशी आजही वाचायला मिळते. श्रद्धा सोड म्हणून वडील विनवायला आले, तेव्हा तिनं जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारलं, याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारता येईल? नाही ना? मग मीही ख्रिस्ती सोडून स्वतःला दुसरं काही म्हणवू शकत नाही. बाळाच्या काळजीनं आपण किती झुरलो, हेही तिनं लपवलेलं नाही. मला तिचं मोठेपण इथेच दिसतं.

२५० साली रोमन सम्राट डेसियसनं साम्राज्यातल्या सर्वांना देवतांपुढे पेयार्पण करून बळीचं मांस चाखण्याचा हुकूम काढला. तसं केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यायचा होता. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. एकावर अर्जदाराचं वय ७२ आणि खूण 'उजव्या भुवईवर व्रण' अशी नोंद आहे. इतक्या साध्या सरकारी कागदावर माणसाचं जगणं-मरणं ठरत होतं.

कित्येक ख्रिस्ती डगमगले. काहींनी बळी दिला, काहींनी पैसे मोजून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते रडत ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी परत आले. त्यांना आत घ्यायचं का? रोममध्ये नोव्हेशियन या धर्मगुरूनं साफ नकार दिला आणि फूट पडली. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी प्रायश्चित्तानंतर परतीची वाट खुली ठेवली. छळाच्या काळात ते स्वतः लपून राहिले होते, म्हणून लोकांनी त्यांनाही बोल लावले. २५८ मध्ये मात्र शिक्षा ऐकताच "देवाचे आभार" एवढंच ते म्हणाले आणि शिरच्छेद करणाऱ्याला २५ सोन्याची नाणी द्यायला सांगून गुडघे टेकले. डगमगलेल्यांना जवळ करणाऱ्याचीच ही साक्ष, म्हणून ती मला अधिक वजनदार वाटते.

३०३ साली सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. ग्रंथ जाळले गेले, प्रार्थनास्थळं पाडली गेली. ३१३ मध्ये धर्मस्वातंत्र्य मिळालं, आणि प्राणांची मागणी थांबल्यावर त्यागाचं रूप काय, हा प्रश्न उरला. एक उत्तर इजिप्तच्या वाळवंटात आधीच तयार होत होतं. वडिलोपार्जित जमीन देऊन टाकलेले संन्यासी अँथनी छळाच्या अखेरच्या वर्षांत रक्तसाक्षी होण्याच्या ओढीनं अलेक्झांड्रियाला गेले. मरण आलं नाही. तुरुंगातल्या आणि खाणींतल्या बंदिवानांची सेवा करून ते परत एकांतात गेले, उपास आणि प्रार्थनेत रोज थोडं मरायला.

शब्दाचा अर्थ आपल्या काळातही ताणला गेला. १९४१ मध्ये आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत उपासमारीनं मारण्यासाठी दहा कैदी निवडले गेले. त्यांतला एक बायकामुलांच्या नावानं रडू लागला, तेव्हा फादर माक्सिमिलियन कोल्बे पुढे आले आणि त्याची जागा त्यांनी घेतली. त्यांना कोणी विश्वास सोडायला सांगितलं नव्हतं, मग त्यांना रक्तसाक्षी म्हणायचं का? १९७१ मध्ये त्यांना 'धन्य' (संतपदाआधीची पायरी) घोषित करताना तो अधिकृत मान दिला गेला नाही. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मात्र त्यांना रक्तसाक्षी म्हणूनच संतपद दिलं. ज्याच्यासाठी कोल्बे मेले, तो माणूस त्या दिवशी तिथे हजर होता.