हाताने शिवलेला किल्ट: माप देण्यापूर्वी आणि घरी आल्यावर

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा चुणीदार पोशाख. त्याच्या पुढच्या भागात फारसं काही नसतं. एकावर एक येणारे दोन सपाट पदर, वरच्या पदराच्या उजव्या कडेला बारीक झालर, बाजूला पट्टे आणि बकलं. खरं काम मागच्या बाजूला असतं आणि तुम्ही मोजता ते पैसेही बहुतेक तिथलेच. गंमत अशी, की घालणाऱ्याला स्वतःची मागची बाजू कधी दिसत नाही. त्याला ती कळते चालताना. कमरेशी घट्ट धरलेल्या चुण्या पावलागणिक उघडतात, मिटतात आणि माणूस थांबला की आपापल्या जागी जाऊन बसतात. भाड्याच्या किल्टमध्ये हे सुख नाही, कारण तो कुणाच्याच मापाचा नसतो.

स्कॉटलंडमधल्या आमच्या छोट्या कार्यशाळेत किल्ट अजून सुईनेच शिवतो. एडिनबरा, ग्लासगो, ॲबरडीन या भागांत राहणारी मराठी मंडळी लग्नासाठी किंवा पदवीदान समारंभासाठी किल्ट शिवून घ्यायला येतात, तेव्हा प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून हे पत्रक मराठीत.

आठ वार कापड जातं कुठे?

मोठ्या माणसाच्या किल्टला आठ वार कापड लागतं. नऊवारीच्या घरात याचं कुणाला फार नवल वाटणार नाही; फरक इतकाच, की नऊवारीच्या निऱ्या रोज नव्याने घातल्या जातात आणि किल्टच्या एकदाच, त्याही शिवून. आम्ही दुहेरी पन्ह्याचं, म्हणजे दुप्पट रुंदीचं, चार वार कापड घेतो आणि ते लांबीत मधोमध फाडून दोन पट्ट्या करतो. त्या एकमेकींना जोडल्या की आठ वार झाले. जोड एखाद्या चुणीच्या पोटात जातो, बाहेरून सापडत नाही.

फाडलेली बाजू कमरेकडे जाते आणि गिरणीतून आलेला मूळ काठ खाली राहतो. त्यामुळे चांगल्या किल्टला खाली दुमड नसते. बाजारात कुठलाही किल्ट हातात घेतलात, आमचासुद्धा, तर आधी खालची कड उलटून बघा. दुमडून टीप मारलेली असेल तर चुण्यांच्या टोकाशी कापड जाड होतं आणि त्या मोकळ्या पडत नाहीत. मग मागच्या बाजूला कमरेपासून खाली हात फिरवा. मशीनच्या किल्टवर प्रत्येक चुणीच्या कडेला टिपेची रेघ दिसते. हाताचा टाका कडेच्या आत लपतो.

स्कॉटिश चौकडीच्या नक्षीला टार्टन म्हणतात आणि त्या नक्षीच्या एका पूर्ण आवर्तनाला इथले कारागीर ‘सेट’ म्हणतात. चुण्या दोन रीतींनी घालता येतात. पहिलीत प्रत्येक चुणीवर सेटचा पुढचा तुकडा आणायचा, म्हणजे इतकं कापड आत गेलं तरी मागून चौकडी अखंड दिसते. दुसरीत प्रत्येक चुणीच्या मधोमध एकच ठळक उभी रेघ आणायची. ही पलटणींची पद्धत. दुसरीत मागची बाजू पुढच्यापेक्षा अगदी वेगळी दिसते आणि चालताना आतले रंग मध्येच चमकून जातात. आम्हाला विचाराल तर, गडद टार्टन असेल तर दुसरी रीत घ्या.

कुठलीही रीत घेतली तरी शिवणाऱ्याची परीक्षा एकच असते. पंचवीस-तीस चुण्यांमध्ये आडव्या रेघा एका ओळीत यायला हव्यात. एका चुणीत एक धागा वरखाली झाला तर डोळ्यांना कळत नाही, पण तीच चूक त्याच दिशेला प्रत्येक चुणीत झाली तर शेवटच्या चुणीशी रेघ सरळसरळ उतरलेली दिसते. त्यात सीटपासून कमरेपर्यंत प्रत्येक चुणी अरुंद होत जायला हवी, कारण कंबर सीटपेक्षा लहान असते. ही निमुळती शिलाई हाच अंगाला बसणाऱ्या किल्टचा प्राण. ती झाली की त्या भागात आत साठलेलं जादा कापड कापून काढतो, कॅनव्हास लावतो, वर अस्तर. एका किल्टला साधारण 20 ते 40 तास जातात.

कापडाचं वजन

इथे वजन औंसात बोलतात, दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं. 16 औंस म्हणजे सुमारे 450 ग्रॅम. अशा कापडाचा किल्ट जवळपास दोन किलो भरतो आणि चुण्या सगळ्यात सुंदर पडतात त्या याच कापडाच्या. 13 औंसाचं कापड मध्यम. पुण्या-मुंबईत घालायचा असेल तर तेवढं पुरे. 10 किंवा 11 औंसाचंही मिळतं, पण ते घेऊ नका असंच आम्ही सांगतो. हलकं कापड वाऱ्यावर उडतं आणि चुण्यांची इस्त्री लवकर मोडते. वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर, ‘आत काय घालायचं’ हा प्रश्न इथे प्रत्येक किल्टवाल्याला कुणी ना कुणी विचारतंच. आम्ही त्याचं उत्तर देत नाही. 16 औंस घ्या, एवढंच म्हणतो.

आडनाव ‘मॅक’ने सुरू होत नसेल तर?

तरीही चालतं. ‘मॅक’ ही अनेक स्कॉटिश आडनावांची सुरुवात, आणि अशा घराण्यांचं आपापलं टार्टन मानलं जातं. आपल्या घराण्याचं टार्टन हजार वर्षांपूर्वीचं आहे असं इथेही पुष्कळांना वाटतं, पण इतिहास तितका जुना नाही. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूचे, बंडखोर हरले आणि त्याच वर्षी हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांच्या पोशाखावर कायद्याने बंदी आली. ती 1782 मध्ये उठली. मधल्या काळात सैन्यातल्या हायलँड पलटणींना मात्र सूट होती. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्याला आला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी त्याच्या स्वागताचा थाट टार्टनमध्ये मांडला आणि स्वतः राजानेही किल्ट घातला. टार्टनची खरी लाट आली ती त्यानंतर. कुठल्या घराण्याचं कुठलं टार्टन याची बरीचशी वाटणी एकोणिसाव्या शतकातली आहे.

तेव्हा बाहेरच्या माणसाने टार्टन घातलं म्हणून कुणी हटकत नाही. ‘ब्लॅक वॉच’ हे गडद निळं-हिरवं टार्टन आणि लाल ‘रॉयल स्टुअर्ट’ कुणीही घालतं. ‘बाल्मोरल’ हे टार्टन मात्र राजघराण्यासाठी राखीव आहे. ते मागू नका, आम्ही शिवणार नाही. सासर किंवा माहेर स्कॉटिश असेल तर त्या घरचं टार्टन घेणं हा छान मान असतो, फक्त आधी त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. एकाच आडनावाची दोन-तीन टार्टन असतात आणि त्यातलं आपलं कुठलं याबद्दल घरोघरी ठाम मतं असतात.

स्वतःचं टार्टनही करून घेता येतं. 2008 च्या कायद्याने स्कॉटलंडच्या टार्टनांची सरकारी नोंदवही सुरू झाली. आधी नोंदलेल्यांपेक्षा पुरेसं वेगळं असेल तर तुमचंही टार्टन शुल्क भरून त्यात नोंदवता येतं. पैठणीचा मोरपंखी आणि किरमिजी एकत्र आणून चौकडी बसवायची असेल तर ते आम्हालाही करायला आवडेल. मात्र गिरणीत खास विणून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही वेगळे लागतात. लग्नाची तारीख जवळ आली असेल तर या भानगडीत पडू नका, तयार कापडातून निवडा.

माप

पँटवर छापलेला कमरेचा आकडा पाठवू नका, तो इथे कामाचा नाही. किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो, पँट त्याच्या बरीच खाली. माप दुसऱ्या कुणाकडून घ्यायला सांगा, पातळ शर्टवरून आणि पँट न घालता. कंबर, सीट जिथे सगळ्यात रुंद तिथे, आणि कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी. पोट आत ओढू नका. लांबीचं माप घेताना खाली वाकून बघू नका. बघितलंत की माप चुकलंच. किल्ट गुडघ्याखाली गेला की माणूस बुटका दिसतो. लहान मुलांचं माप समारंभाच्या शक्य तितकं जवळ घ्या. प्रत्यक्ष येणं जमलं तर उत्तमच.

खोकं उघडल्यावर

चुण्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे लांब-लांब टाके दिसतील. ती कच्ची शिलाई आहे, प्रवासात चुण्या मोडू नयेत म्हणून मुद्दाम ठेवलेली. एका टोकाची गाठ कापा आणि दोरा हळूच ओढून काढा. मध्येच कात्री चालवू नका. हे सांगावं लागतं, कारण पांढऱ्या दोऱ्यासकट लग्नात मिरवलेले किल्ट आम्ही फोटोंत पाहिले आहेत.

चुण्या मागे, झालर उजवीकडे. आतला पट्टा डाव्या बाजूच्या फटीतून बाहेर काढून बकलात अडकवा. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदरांतून टोचली तर उठता-बसता कापड फाटतं. बसताना हात मागे नेऊन चुण्या खाली सपाट करा आणि मग बसा. पहिल्या दिवशी आठवण ठेवावी लागते, नंतर हात आपोआप जातो. स्पोरन, म्हणजे पुढे लटकवायची चामड्याची पिशवी, आणि बूट-मोजे सुरुवातीला भाड्याने आणलेत तरी चालतील.

ठेवणं आणि वाढवणं

लोकर आहे, वारंवार धुवायची नसते. घालून झाला की एक दिवस हवेवर टांगा, मग मऊ ब्रशने झाडा. डाग पडला तर थंड पाण्यात बुडवलेलं फडकं पिळून हलकेच टिपा. ड्रायक्लीनिंग अगदीच गरज पडली तर. इस्त्रीपूर्वी चुण्या पुन्हा कच्च्या टाक्यांनी बांधा, वर ओलं कापड घाला आणि इस्त्री घासू नका, दाबा. प्रवासात नेताना लांबीच्या बाजूने गुंडाळी करून ती बायकांच्या लांब नायलॉन मोज्यात सरकवा. जुनी युक्ती आहे, चुणी हलत नाही. ठेवणीतल्या किल्टला खरा धोका कसरीचा. किल्ट मळका ठेवू नका, बंद पिशवीत ठेवा आणि मधूनमधून उन्हात काढा. डांबरगोळ्यांचा वास मात्र लोकरीतून लवकर जात नाही.

कंबर वाढली म्हणून नवा किल्ट शिवायला येऊ नका. इंचभराचा फरक पट्ट्याच्या भोकांतच भागतो, त्याहून थोडा जास्त असेल तर आम्ही बकलं सरकवून देतो. वडिलांचा किल्ट मुलाला हवा असेल तर दोघांनी एकदम या, म्हणजे उसवायचं किती ते लगेच सांगता येईल. आम्ही शिवलेल्या किल्टची बकलं सरकवण्याचे पैसे घेत नाही. पट्टा नवा घालावा लागला तर तेवढ्या चामड्याचे घेतो.